सर्वांना समजले

कल्याणीने बूट काढले आणि तशीच दारात उभी राहिली, भिंतीकडे बघत. बबनराव बनसोडे यांच्या लंडनमधल्या एजवेअरच्या घरात येणारा प्रत्येक माणूस तिथे थबकायचा, कारण बुटांच्या रॅकच्या बरोबर वर ती फ्रेम होती. ब्रिटिश सरकारचा शिक्का, खाली कंपनीचं नाव आणि त्याखाली ‘शोधक : बबन तुकाराम बनसोडे’. जागा लताबाईंनी निवडली होती. बैठकीत लावली तर लोक बघतील न बघतील, पण वाकून बूट काढणाऱ्याला मान वर करताना वाचण्यावाचून गत्यंतर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, फ्रेम जागची हलली नाही.

“म्हणजे ते तुम्हीच आहात, काका,” कल्याणी म्हणाली. “मला वाटलं दुसरा कोणी बनसोडे असेल.”

इथल्या बौद्ध मंडळातल्या मेश्रामांची ही मुलगी. लहानपणी कार्यक्रमाच्या आधी खुर्च्या मांडायला सगळ्यात पुढे असायची. आता अठ्ठावीस वर्षांची झाली होती आणि वॉटफर्डच्या एका अकरा माणसांच्या कंपनीत इंजिनियर होती. दवाखाने आणि हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दुखण्यातल्या रुग्णांची शुश्रूषागृहं, यांच्या कॉम्प्युटरांवर पहारा ठेवायचा, कुणी चोर आत शिरला तर त्याला जागच्या जागी अडवायचं, हे त्या कंपनीचं काम. चहा गार होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. थॉर्नफील्ड राइट्स नावाच्या एका फर्मने त्यांच्यावर दावा ठोकला होता. तुम्ही चोर पकडता ती पद्धत आमच्या पेटंटमधली आहे, एकतर परवान्याचे पैसे भरा नाहीतर दुकान बंद करा. पेटंटचा नंबर घेऊन कल्याणी शोधत गेली, तर शोधकाच्या रकान्यात बबनकाकांचं नाव.

अशा फर्मना तिच्या धंद्यात पेटंट ट्रोल म्हणतात. स्वतः काही बनवायचं नाही, बुडालेल्या कंपन्यांची जुनी पेटंटं उचलायची आणि जे काही बनवतात त्यांना कोर्टात ओढायचं. आपल्याकडे याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, आणि हे बीळ बबनरावांनी खणलेलं होतं. ते ज्या कंपनीत होते ती २००९च्या मंदीत बुडाली. खुर्च्या, टेबलं आणि कॉफीचं मशीन विकलं गेलं, त्यातच पेटंटही गेलं. कुठे गेलं हे बबनरावांनी कधी विचारलं नाही. पुढची चौदा वर्षं त्यांनी एका शाळेत प्रिंटर दुरुस्त केले आणि शिक्षकांचे विसरलेले पासवर्ड बदलून दिले. तिथे त्यांना सगळे ‘बॉब’ म्हणायचे.

पण कल्याणीला ठाऊक नव्हतं ते वेगळंच होतं. मागच्याच आठवड्यात थॉर्नफील्डच्या वकिलाने बबनरावांना लंडनच्या एका चांगल्या हॉटेलात जेवायला नेलं होतं. त्याने उठून हात मिळवला होता आणि पूर्ण वेळ ‘द इन्व्हेंटर’ असाच उल्लेख केला होता. शोध कसा लागला हे कोर्टाला तुम्हीच सांगा, अशी गळ घातली होती. अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बबनराव हो म्हणून आले होते, आणि परतताना ट्रेनमध्ये त्यांना लताबाईंची इतकी आठवण आली होती की शेवटच्या स्टेशनवर उतरायचं राहिलं आणि गाडी त्यांना घेऊन परत फिरली.

“काका, एक विचारू का?” कल्याणी म्हणाली. “मी दहा वर्षाची होते. जयंतीला तुम्ही हॉलमध्ये फ्लिपचार्टवर काढून दाखवलं होतं ना? तुमच्या आजोबांची गोष्ट. मी त्याच्यामुळे कॉम्प्युटर सायन्स घेतली. ते पेटंटच्या आधी होतं की नंतर?”

बबनराव म्हणाले, आठवत नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, नंतरच असेल. असं काही लिहून ठेवलेलं थोडंच आहे.

ती गेली. जाताना बूट घालायला वाकली आणि उठताना तिने फ्रेमकडे पाहिलं नाही.

बबनरावांना सगळं आठवत होतं. त्या वर्षी चौदा एप्रिलला गुड फ्रायडे आला होता, त्यामुळे कधी नव्हे ती जयंती जयंतीच्याच दिवशी झाली. लताबाई मंडळाच्या सचिव. यंदा भाषणं पुरेत, तुम्ही ऑफिसात काय शोधून काढलं ते सांगा, असं त्यांनीच ठरवलं. कंपनीने गप्प राहायला सांगितलं होतं खरं. पण ते गप्प राहणं बाहेरच्यांसाठी. बबनराव फ्लिपचार्टपुढे उभे राहिले आणि त्यांनी आज्यापासून सुरुवात केली. आजा गावचा वेसकर. वेशीवर बसायचा. आत येणाऱ्याचं तोंड बघून तो कुणाला सोडायचा नाही, तोंड झाकता येतं. कोण रोज कुणाच्या घरी जातो हे त्याला पाठ होतं. नेहमीचा माणूस भलत्या घराकडे वळला की आजा खाकरायचा आणि काठी आडवी घालायचा. कॉम्प्युटरचंही तसंच करायचं, बबनराव म्हणाले होते. कुठलं मशीन रोज कुणाशी बोलतं ते शिकून घ्यायचं, आणि ते अनोळख्याशी बोलायला लागलं की त्याला बाकीच्यांपासून तोडायचं. मग त्यांनी चौकोन काढले, बाण काढले, पायऱ्या लिहिल्या. आजा स्वतः वेशीबाहेर राहायचा हे सांगावं लागलं नाही. हॉलमधल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

त्यानंतर पंचवीस दिवसांनी पेटंटचा अर्ज गेला. पेटंट एजंटने विचारलं, हे आधी कुठे जाहीर केलंय का? बबनरावांनी नाही म्हणून सही केली. खोटं बोलतोय असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. अर्जाच्या सतरा पानांत आज्याचं नावही नव्हतं. हा नियम खरा कसा आहे हे त्यांना पुढे केव्हातरी वर्तमानपत्रात वाचून कळलं: अर्जाआधी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, उघडपणे सांगितलेल्या गोष्टीचं पेटंट होत नाही. तेव्हा फ्रेम लागून सहा महिने झाले होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि लताबाईंनाही सांगितलं नाही.

कल्याणी येऊन गेल्यावर चार दिवस बबनराव घरातच होते. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचा त्यांचा परिपाठ होता. चौथ्या शीलाशी, असत्य बोलणार नाही तिथे, ते रोज अडखळायला लागले. पाचव्या दिवशी त्यांनी शिडी लावली आणि माळ्यावर चढले. चौसष्टाव्या वर्षी हे करू नये, लताबाई असत्या तर चढू दिलं नसतं. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या लताबाईंनी वर्षवार बांधून ठेवल्या होत्या. लाल पुठ्ठ्याची वही बबनरावांनी तिथेच, पाण्याच्या टाकीशेजारी बसून उघडली.

‘दि. १४ एप्रिल २००६. स्थळ : कम्युनिटी सेंटर, बर्न्ट ओक. उपस्थिती एकेचाळीस. बुद्धवंदनेनंतर श्री. बबन बनसोडे यांनी स्वतः शोधलेली संगणक-संरक्षणाची पद्धत आकृतीसह समजावून सांगितली. आकृती खाली उतरवून घेतली आहे. सर्वांना समजले.’

खाली चौकोन होते, बाण होते, सगळ्या पायऱ्या होत्या. लताबाईंना फूटपट्टीशिवाय रेघ काढलेली खपायची नाही, तशा सरळ रेघा. नवऱ्याचा उल्लेख श्रीयुत, जसा इतर सर्वांचा. बबनराव त्या पानावर हात ठेवून रडले. हे पान माळ्यावरून खाली गेलं की भिंतीवरचं नाव जाणार होतं, आणि ते नाव पुसण्याचं काम लताच्याच अक्षराने होणार होतं. एका वहीला काडी लावायला कितीसा वेळ लागतो, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तो आला याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी कल्याणीला फोन केला. “वही सापडली,” म्हणाले. “सापडली म्हणजे, कुठे आहे ते मला माहीत होतं. मी खोटं बोललो तुझ्याशी.”

ती म्हणाली, “काका, पण मग तुमचं नाव?”

“ये आणि घेऊन जा,” बबनराव म्हणाले.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. लताबाईंच्या पानाचं इंग्रजी भाषांतर झालं, त्यावर शिक्के बसले. बबनरावांनी कोट इस्त्री केला आणि थॉर्नफील्डऐवजी कल्याणीच्या बाजूने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. थॉर्नफील्डची बॅरिस्टर मृदू आवाजाची बाई होती. तिने आधी जुना अर्ज दाखवला. ही सही तुमचीच ना? इथे तुम्ही ‘जाहीर केलेलं नाही’ असं म्हटलंय. तेव्हा खोटं बोलत होता की आज?

बबनराव म्हणाले, दोन्ही वेळा खरंच बोललो, तेव्हा मला कळत नव्हतं. मी आमच्या माणसांना मराठीत सांगितलं होतं. ती जनता आहे असं मला वाटलं नाही.

मग जनता म्हणजे कोण, असं तिने विचारलं.

बबनरावांनी कोर्टभर नजर फिरवली. “तुम्ही,” ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. बोलून गेल्यावर त्यांना ते स्वतःचंच वाक्य लागलं. एकेचाळीस माणसं, त्यांत लता, आणि आपण त्यांना जगात धरलंच नाही. आज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. या एकेचाळिसांना आपण स्वतःच्या सहीने ठेवलं.

मग बाईने सूर बदलला. तिला त्यांना वाचवायचंच होतं, पेटंट वाचलं तर तिचा दावा वाचणार होता. सभ्यपणे म्हणाली, मिस्टर बनसोडे, तुमचं काम अवघड होतं, हुशारीचं होतं. समोर कोण होते? नर्सेस, बसचे ड्रायव्हर, एक पोस्टमन, मुलं. आकृती तुमच्या पत्नीने उतरवली, पण त्या काही इंजिनियर नव्हत्या. प्रामाणिकपणे सांगा, त्यातलं कुणाला खरोखर काही समजलं असेल का? की कौतुकाने ऐकून घेतलं आणि एका प्रेमळ पत्नीने तसं लिहून ठेवलं?

बबनरावांना दार दिसलं. नाही समजलं, लता बिचारी कौतुकाने लिहून गेली, एवढं म्हटलं असतं तर न्यायाधीशांच्या मनात शंका राहिली असती. कदाचित नाव राहिलं असतं. मागच्या बाकावर कल्याणी बसली होती, शेजारी तिच्या कंपनीतले दोघं, हात मांडीवर ठेवून.

“माझी बायको कौतुकाने काही लिहीत नसे,” ते म्हणाले. “एकदा माझ्या भाषणाबद्दल तिने ‘लांबले’ असं लिहिलंय. त्या दिवशी तिने लिहिलं, समजले. म्हणजे समजलं होतं.”

सहा आठवड्यांनी निकाल आला. पेटंट रद्द. रद्द झालेलं पेटंट पहिल्या दिवसापासूनच नव्हतं असं कायदा धरतो, हे कल्याणीने फोनवर अवघडत सांगितलं. तिची कंपनी वाचली होती, अकरा माणसं कामावर होती, आणि तिला आनंद व्यक्त करायची चोरी झाली होती. बबनरावांनी अभिनंदन केलं, आईबाबांना विचारलं म्हणून सांग म्हणाले आणि फोन ठेवला. मग फ्रेम उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जिन्याखाली ठेवली. आता बूट काढून लोक सरळ आत यायला लागले.

वही परत आणून द्यायला कल्याणी स्वतः आली. लाल पुठ्ठ्यावर, लताबाईंनी कोरून लिहिलेल्या ‘इतिवृत्त’ या शब्दाच्या खालीच, कोर्टाचं पांढरं लेबल चिकटवलं होतं. पुरावा, बी.बी. एक. बी.बी. म्हणजे बबन बनसोडे, त्यांनी दाखल केलेला पहिला कागद.

“सॉरी काका, काकूंची वही खराब केली त्यांनी,” म्हणत तिने लेबलाचा कोपरा नखाने उचलायला घेतला.

बबनरावांनी तिचा हात बाजूला केला आणि उचललेला कोपरा अंगठ्याने दाबून पुन्हा बसवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “तेवढं राहू दे.”