चार बोटांवरची चूक

मामाच्या दुकानात शिरलं की पहिली भेट बकरीशी होते. भिंतभर फोटो आहे तिचा. मागे बर्फाचे डोंगर, आणि बकरीच्या चेहऱ्यावर आपल्या नावावर काहीतरी चाललंय हे कळल्यासारखे भाव. खाली पाटी : ‘थंडीत हिच्या अंगावर जी मऊ लव वाढते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर कंगव्याने विंचरून काढतात.’ वाक्य खरं आहे. मीच लिहिलंय. फक्त त्या बकरीचा आणि दुकानातल्या शालींचा आजवर कधी संबंध आलेला नाही.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी घरी बसले होते तेव्हा मामा म्हणाला, “बसून काय करतेस? ये माझ्याकडे, पाट्या लिही.” दुकानाचं नाव ‘जगाची ऊब’. एका कपाटात दक्षिण अमेरिकेतला अल्पाका, दुसऱ्यात तुर्की बकरीचं मोहेर, तिसऱ्यात याक, चौथ्यात उंट. म्हणजे चार पावलांत पृथ्वीप्रदक्षिणा. मामाचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक गोष्ट विकत घेतं आणि शाल तिच्याबरोबर घरी जाते.

पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येक कपाटातल्या शालीचा एकेक धागा काढून जाळून पाहिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला राहवत नाही. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांत चुरडली जाणारी राख उरते. मामाचे चारही प्राणी वितळले, आक्रसले आणि टोकाला काळा, टणक मणी होऊन बसले.

“मामा, हा अल्पाका नाही. हे ॲक्रिलिक आहे. एक प्रकारचं प्लास्टिक.”

“हळू बोल,” मामा म्हणाला. “आणि मला सांग, शाल पांघरून आगीत कोण उडी मारतं?”

मी काड्यापेटी खिशात टाकली.

माल गठ्ठ्यांनी यायचा, सगळा मशीनवरचा. पण पाटीवर ‘हातविणीच्या’ असं लिहिलेलं असल्यामुळे चौकस गिऱ्हाईक विचारायचंच, “कशावरून?” तेव्हा मामा शाल काउंटरवर पसरायचा, कोपरा उचलायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, “मशीन चुकत नाही. चुकतो तो माणूस. ही बघा चूक.” गिऱ्हाईक त्या सैल टाक्यावरून असं बोट फिरवायचं, जसं काही तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरवतंय.

ही चूक मामी करायची. मागच्या खोलीत खिडकीशी बसून, क्रोशाच्या सुईने. एक धागा उचलायचा, शेजारचा सोडायचा, की झाला माणसाचा हात. पण मामी म्हणजे टापटिपीचा कळस. तिच्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा रांगेत, एका दिशेला तोंड करून उभे असतात. त्यामुळे प्रत्येक शालीत चूक डाव्याच कोपऱ्यात, दशांपासून बरोबर चार बोटं वर, अगदी एकसारखी. मामीच्या चुकीत चूक काढायला जागा नव्हती.

एके दिवशी दोन जावा दुकानात आल्या. दोघींनी आपापली, एकमेकींना न सांगता, मामाकडून शाल घेतली होती. एकीची म्हणे उंटाची, दुसरीची याकची. एका समारंभात दोघी शेजारी बसल्या आणि घात झाला. त्यांनी दोन्ही कोपरे मामासमोर जोडून धरले.

“दोन देशांतल्या दोन विणकरांचा हात एकाच जागी कसा हो थरथरला?” थोरलीने विचारलं.

मामाने क्षणभरही न थांबता सांगितलं, “जुळे भाऊ आहेत ते.”

“एक उंटावर आणि एक याकवर?” धाकटी म्हणाली.

“लहानपणीच ताटातूट झाली बिचाऱ्यांची.”

जावा पुटपुटत गेल्या, पण मामाच्या कपाळाला घाम सुटला होता. त्याने मला मागच्या खोलीत बोलावलं. “तू शास्त्र शिकलीस ना? मग चुका कशा करायच्या ते सांग.”

प्रश्न म्हणून तो खरोखर छान होता. मी समजावलं, की माणसाला ‘कुठेही टिंब काढ’ म्हटलं तर तो कुठेही काढत नाही. त्याचा हात ओळखीच्या जागीच जातो. जागा आपण निवडायचीच नाही, फाशावर सोडायची. एका दानाने कड ठरवायची, दुसऱ्याने बोटं मोजायची.

मामीने फासा उलटसुलट करून पाहिला. “इतकी वर्षं नीटनेटका संसार केला,” ती म्हणाली, “आणि आता फासे टाकून घाण करू?” पण केलं. डोळे मिटून सुई खुपसायची आणि मग बराच वेळ हात धूत बसायची.

आता आईबद्दल. आई मामाची थोरली बहीण, आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात हाताने खरोखर विणणारी ती एकटीच. तिचा माग आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. म्हणजे बाहेरची खोली मागात आहे. बाबा कितीतरी वर्षं दारातून तिरके होऊन आत येतात आणि ताणलेल्या धाग्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने जेवतात. पाहुण्यांना आम्ही जिन्यात बसवतो. बाबांना सोफा हवा होता.

त्याच सुमारास हातविणीच्या शालींचं एक मोठं जागतिक प्रदर्शन ठरलं. त्यासाठी निवड करायला एक शालतज्ज्ञ बाई गावोगावची दुकानं पाहत फिरत होत्या आणि मामाच्या दुकानीही यायच्या होत्या. बाबांनी संधी साधली.

“तुझी शाल निवडली गेली तर माग राहील, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही निवडली, तर माग जाईल आणि सोफा येईल. बोल.”

“कबूल,” आई म्हणाली. “सोफ्याचं माप घेतलंत ना? विसरून जा.”

तिने अख्खा हिवाळा घालवून शाल विणली. अस्सल मेरिनो मेंढीची लोकर, राखाडी आणि साईच्या रंगाची, माशाच्या काट्यासारखी वीण. मी भिंगाखाली काठापासून काठापर्यंत पाहिली, आणि लोकरीचे केस सूक्ष्मदर्शकाखाली. केसांवर खवले होते, जाळून पाहिलेल्या धाग्याला जळक्या केसांचा वास होता. विणीत एक धागा इकडचा तिकडे नव्हता.

“काही सापडलं?” आईने विचारलं.

“काही नाही.”

“सापडणार कसं!” नम्रपणा हा आईचा विषय नाही.

बाई आल्या. गळ्यात साखळीला भिंग. त्या शालीला बोट लावत नसत. डोळे मिटून हाताची पालथी बाजू फिरवत. एका बाजूला आई उभी, दुसऱ्या बाजूला बाबा. बाबांच्या खिशातून मोजपट्टीचं टोक डोकावत होतं.

मामाने आधी ‘अल्पाका’ पुढे केला. बाईंचा हात फिरत फिरत उजव्या काठाशी थबकला. “आहा. इथे ती थांबली. बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली असावी.”

“दूधवाला आला होता,” पडद्यामागे मामी माझ्या कानात म्हणाली.

सांगायचं तर बाई चुकल्या नव्हत्या. त्या अख्ख्या शालीत हाताने केलेली एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी बरोबर ओळखली होती.

मग आईची शाल. बाईंनी ती सुलटी पाहिली, उलटी पाहिली, भिंग लावलं, आणि घडी घालून बाजूला ठेवली.

“देखणी आहे. पण मशीनची आहे.”

“मशीनची?” आई म्हणाली. “कुठल्या मशीनचे गुडघे दुखतात हो?”

“हिच्यात एकसुद्धा चूक नाही.”

“नाहीच!”

“मग झालं तर.”

बाबांनी मोजपट्टीवर हात ठेवला. मी पडद्यामागून पुढे झाले. “मी तपासलीय. काठाशी धागा कसा वळलाय ते बघा. हवं तर एक धागा जाळून—”

“अगं बाळ,” बाई हसल्या, “ऊब काही प्रयोगशाळेत मोजता येत नाही.”

ऊब प्रयोगशाळेतच मोजतात. तिला एकक आहे. पण मामाने घाईघाईने चहा मागवला आणि आईला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं.

“ताई, एक धागा. फक्त एक. तुझा माग वाचतोय.”

मामी सुई घेऊन तयारच होती. “द्या इकडे वन्सं, लगेच करते. फासा टाकू का आधी?”

आईने सुईकडे पाहिलं. मग शालीकडे पाहिलं. वाटलं, देतेय. तिने ती अर्धी पुढे केलीसुद्धा. मग छातीशी घट्ट धरली.

“सुई टेकव नुसती,” ती मामीला म्हणाली, “आणि बघ तुझ्या बोटांचं काय करते.”

ती तरातरा बाहेर गेली आणि शाल बाईंच्या चहाशेजारी आपटली.

“चूक आहे हिच्यात. तुम्हाला दिसली नाही.”

बाईंचा कप ओठांशी थांबला. “काय म्हणालात?”

“असू दे. सगळ्यांनाच नाही दिसत ती. त्याला तशी नजर लागते.”

बाईंनी कप ठेवला, भिंग उचललं आणि शालीवर वाकल्या. एक कड संपली, दुसरी संपली. अखेर शालीच्या ऐन मध्यावर त्यांचं बोट टेकलं.

“इथे.”

“अगदी तिथेच!” आई म्हणाली.

“फार हळवी चूक आहे,” बाई म्हणाल्या. “जणू लाजून लपलेली.”

दोन्ही शाली निवडल्या गेल्या. बाबांनी मोजपट्टी गुंडाळली आणि खिशात खोल सारली.

प्रदर्शनात आईची शाल काचेमागे लागली. खाली मजकूर होता : ‘मध्यभागी कारागिराचा हात क्षणभर डळमळला आहे. तोच या शालीचा प्राण.’ आई ते वाचून इतकी हसली की पहारेकऱ्याने वळून पाहिलं. मग ती काचेच्या जवळ गेली. आणखी जवळ गेली. काचेवर वाफ धरली.

परतताना म्हणाली, “मध्यभागी म्हणजे नेमकं कुठे गं?”

“कुठेच नाही. मी पाहिलंय.”

“नीट पाहिलंस?”

“आई, थाप तूच मारलीस ना?”

“मारली मीच. मला माहीत नाही का? पण बोट तिने ठेवलं. आणि उगाच तिथेच का ठेवलं असेल?”

माग राहिला. बाबा तिरके होऊन येतात आणि जपून जेवतात. पण आईने आता एक भिंग घेतलंय. नव्या शालीत मध्याशी आली की आडवा धागा नेणारा धोटा खाली ठेवते, वाकून बघते, म्हणते, “इथे काहीतरी वाटतंय,” आणि वीतभर उसवते. मी बघून सांगते, काही नाही. ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवते. शाल मध्याच्या पुढे सरकलेली नाही.

“माग चालणारच नसेल,” बाबा कोपऱ्यातून म्हणतात, “तर निदान दोन खुर्च्या—”

“गप्प बसा हो, धागे मोजतेय!”

काल मामाने निरोप दिलाय. ताईच्या पुढच्या शालीला आत्ताच गिऱ्हाईक आहे, म्हणाला. हवी ती किंमत मोजायला तयार आहे. अट एकच : चूक मध्यभागीच हवी.

हा निरोप मी अजून घरी सांगितलेला नाही.