हाडाने धरलेला सांधा

सकाळी सहाला सुचिता उठली, म्हणजे खाटेच्या कडेपर्यंत सरकली. आधी डावा पाय जमिनीला टेकवला, मग दोन्ही हातांनी मांडी धरून उजवा खाली घेतला आणि काठी ओढली. सव्वासहाला तिच्या सासूबाई, आवडाबाई, चुलीवर उकळलेले पाणी झाकून घेऊन आल्या. साडेसहाला पट्टी. उजव्या खुब्यावर, जुन्या टाक्यांच्या खुणेच्या खालच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढे भोक होते आणि त्यातून चार महिने पू येत होता. सुचिताने चिकटलेली पट्टी पाण्याने भिजवून सोडवली आणि उजेडात धरून पाहिली. कालच्यापेक्षा पिवळी. तारीख, रंग आणि ताप तिने वहीत लिहिले, शाळेच्या हजेरीपटात लिहावे तशा सरळ अक्षरात. सातला तांदळाची अर्धी भाकरी, चहा आणि त्यावर दोन गोळ्या. या गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती. सहावीतल्या लेकीची, शिवानीची, वेणी घालून तिला शाळेत पाठवले, तोवर दारात प्रीतमची भाड्याची गाडी उभी राहिली.

म्हसळ्याचा घाट चढताना प्रीतम म्हणाला, "बाई, आता नुसती सोडून दिली ना, तरी ही गाडी आपणहून पनवेलच्या दवाखान्यापुढं जाऊन उभी राहील."

"गाडीला रस्ता ठाव हाय, तुला न्हाय," आवडाबाई मागून म्हणाल्या. "आधी खड्डं चुकव."

सुचिता हसली, पण हसतानाही तिचा हात खुब्याखाली होता. याच घाटात तीन वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून पडली होती. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोडला आणि रक्त न पोचल्याने आतल्या आत मेला. तो काढून नवा सांधा बसवला. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हेमालींनी तिच्या तळहातावर नमुन्याचा गोळा ठेवला होता: फिकट गुलाबी सिरॅमिकचा, काचेसारखा गुळगुळीत. खालचा दांडा धातूचा, पण त्यावरही सिरॅमिकचा खरखरीत लेप. विज्ञान शिकवणाऱ्या सुचिताला तो लेप फार आवडला होता. हाडात जे खनिज असते त्याचाच तो बनवलेला. शरीराला तो परका वाटत नाही, हाड त्याच्यावर वाढते आणि त्याला धरून ठेवते. चार महिन्यांत ती काठी सोडून शाळेची टेकडी चढू लागली होती.

आज दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि पेनाने दांड्याची कड दाखवली.

"सुचिताताई, दांडा आणि हाड यांच्यात कुठे फट दिसते?"

"नाही."

"नाहीच. इतका छान धरलाय की मी विद्यार्थ्यांना हा दाखवते." त्यांनी एक्स-रे काढून खाली ठेवला. "आणि तेच आता अवघड आहे. जंतू सांध्यावर थर करून बसलेत, तिथे गोळी पोचत नाही. सांधा काढायचा तर तो ओढून येणार नाही. मांडीचं हाड उभं चिरावं लागेल."

"मग नवा?"

"तुमच्या जंतूंवर दोनच औषधं चालतात. त्यातलं एक तुमच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, परवाच्या तपासणीत ते दिसलं. नवा बसेल असं मी म्हणणार नाही. जागा रिकामी राहील. पाय दीड-दोन इंच आखूड, कुबडी कायमची."

"आणि ठेवला तर?"

"पू येत राहील. एखाद्या दिवशी रक्तात जाईल. तो दिवस कुठला, ते मला सांगता येणार नाही." डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. "मला एक कळलेलं नाही. तीन वर्षं सगळं उत्तम, आणि एकदम हे कुठून आलं?"

"एकदम कसलं!" आवडाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "भाताच्या झोडणीत उभी ऱ्हायली, मग रातभर कण्हत व्हती. मी बिब्बा लावला. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं तसं धा ठिपकं दिलं. आमच्यात समद्यांना लावतात. दुख दोन दिसांत गेलं, विचारा तिला."

डॉक्टरांचे पेन थांबले. "फोड आले होते?"

"येतातच. फोड आला म्हंजे आतली दुख भायेर पडली."

"ते सुकले होते, मॅडम," सुचिता घाईने म्हणाली. "त्याचा काही संबंध नाही."

ते सुकले नव्हते. दोन फोड टाक्यांच्या खुणेवरच आले आणि चिघळले. कातडीला कुठेही जखम होऊ देऊ नका, तिथून जंतू सांध्यापर्यंत जातात, हे वाक्य तिने दवाखान्यातून घरी जाताना मिळालेल्या कागदावर स्वतः वाचले होते, घरच्यांना वाचूनही दाखवले होते. तरी त्या रात्री, दिवसभर शेतात राबून आलेली म्हातारी झोप मोडून दिव्यापाशी बसलेली पाहून तिला नको म्हणवले नव्हते. दुखतही फार होते. दोन्ही खरे होते.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले आणि केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या.

बाहेर बाकावर आवडाबाईंनी डबा उघडला. वालाच्या डाळिंब्यांची उसळ होती. त्यांनी घास केला आणि तो हातातच राहिला.

"बाय, माज्यामुळं झालं का ह्ये?"

"नाही, आई."

"साळंत पोरांशी पन असंच खोटं बोलतीस?"

आवडाबाईंनी घास परत डब्यात ठेवला आणि झाकण लावले.

नवऱ्याचा, राहुलचा, फोन बंद होता. रोह्याच्या कारखान्यात फोन फाटकावरच जमा करावा लागतो. तीनला पाळी सुटल्याशिवाय तो हाती यायचा नाही. डॉक्टरांनी उद्यापर्यंत वेळ दिला होता. तीन वाजता राहुल काय म्हणेल, ते सुचिताला ठाऊक होते. थांबू, मुंबईला दाखवू, आणखी एक औषध बघू. तो हे सगळे मनापासून म्हणेल आणि ती ऐकेल. मग घरी जाऊन पुन्हा साडेसहाची पट्टी, आणि रोज भांडे धरून समोर बसलेली ही म्हातारी, जिला आता सगळे कळले होते. आणि एके दिवशी ताप उतरणार नाही. टेकडीवरची शाळा तर दोन्हीकडून गेलीच होती. शिवानीची दहावी चार वर्षांवर होती.

"आई, बाटलीत पाणी संपलंय. खाली नळ आहे, भरून आणता?"

आवडाबाई जिन्याकडे वळल्या, तशी ती काठी टेकत टेबलापाशी गेली. तिथली परिचारिका तरुण होती. नावाची पट्टी कल्पिता अशी होती. तिने संमतीचा कागद समोर ठेवला. सुचिताने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'सांधा काढणे' या शब्दांपाशी थांबली, पुढे गेली आणि सही केली.

"साक्षीदार म्हणून घरचं कोणी आहे का?"

"सासूबाई आहेत. त्यांना नको. इथलं कोणी चालेल?"

"चालेल," कल्पिता म्हणाली आणि तिनेच सही केली. मग शस्त्रक्रियेची खूण करायला पडदा ओढून विचारले, "उजवा ना?"

"उजवा."

जांभळ्या शाईने तिने मांडीवर बाण काढला. शाई वाळेपर्यंत सुचिताने साडी वर धरून ठेवली, मग नीट खाली सोडली.