बंदरावरची आई

“बघ, ही जपानी पोरसुद्धा शेवटी शहाण्यासारखी घरी आलीच की!” सुप्रभाबाईंनी चहा पिणाऱ्या मैथिलीसमोर कॉमिकचं पुस्तक आपटलं.

तोक्योच्या कोतो भागातल्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये त्या तीन आठवडे हात धुऊन लेकीच्या मागे लागल्या होत्या. नवऱ्याने, नरेंद्ररावांनी, त्यांना सांगलीहून एकाच कामगिरीवर धाडलं होतं. शशांकचं चांगलं स्थळ आलंय, मुलाकडच्यांना सून पुण्यातच हवी, तेव्हा मैथिलीला घेऊनच ये. आणि मैथिलीला इथे नुकतंच टीम लीडर केलं होतं.

लेक ऑफिसला गेली की सुप्रभाबाईंना घर खायला उठे. म्हणून काल त्यांनी तिच्या कपाटातलं हे मुलींचं कॉमिक काढलं. अक्षर कळत नव्हतं, पण चित्रं बोलकी होती. बारीक केस कापलेली एक पोरगी एकटीच मासेमारीची बोट चालवत होती. मग बोट बंदराला लागली, आईने दोर हातात घेतला, गावातले म्हातारे पोरीवर खेकसले. अखेरच्या पानावर लांब केस, अंगात किमोनो, अशी ती पाहुण्यांसमोर खाली मान घालून बसली होती. सुप्रभाबाईंना अगदी भरून आलं होतं.

मैथिलीला हसू आवरेना. “अगं आई, जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. तू शेवटापासून वाचलंस!”

“म्हणजे?”

“म्हणजे ती आधी त्या पाहुण्यांसमोरून उठते आणि मग केस कापते. बाईने बोटीवर पाय ठेवायचा नाही, असा गावचा नियम. हिला बोटच चालवायची असते. मी जपानी शिकले ना, ती हिच्यामुळे. चल, पळते, ट्रेन चुकेल.”

ती गेल्यावर सुप्रभाबाई पुन्हा पुस्तक घेऊन बसल्या. आता उजवीकडून. पोरीने मान वर केली. म्हाताऱ्यांपुढे ती तसूभरही हटली नाही. “शाब्बास गं!” त्या रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या. अखेरीस बंदरावरची आई आली. काल त्यांना वाटलं होतं, ती बोट बांधून घेतेय. ती तर दोर सोडत होती.

स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांच्या एका शब्दावर सुप्रभाबाईंनी टेलिफोन खात्यातली नोकरी सोडली होती. त्यांच्या आईने ब्र काढला नव्हता. सुप्रभाबाईंना लेकीचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही.

त्यांनी फोन लावला. सांगलीत नुकतंच उजाडलं होतं.

“अहो, शशांकच्या घरी नाही म्हणून कळवा. मैथिली इथेच राहील.”

“शुद्धीवर आहेस ना? तिला दे फोन.”

“ती कामावर गेलीये. आणि तिला काही बोलायचं नाही. जे बोलायचं ते मला बोला.”

नरेंद्रराव बोललेही, चांगलं तावातावाने. एकतीस वर्षांत बायकोने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं होतं. सुप्रभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “बरं, ठेवते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी पर्समधून परतीची दोन तिकिटं काढली. मैथिलीच्या नावाचं टेबलावर ठेवलं, आणि आपलं तेवढं नीट घडी करून परत आत ठेवलं.