रुपलीचा पगार

भूपेंद्रभाऊंनी खुंटीवरचा फडका दोन बोटांत धरून टेबलावर टाकला. मग दुसरा, तिसरा. बालवाडीतल्या बाराही खुंट्या मोकळ्या झाल्यावर संस्थेच्या या सचिवांना जरा बरं वाटलं.

"उद्या देणगीदार येणार आहेत, दीपमालाताई. ही धुणी कशाला?"

दीपमाला इथली शिक्षिका. मदतनीस रुपलीलाही आपल्याइतकाच पगार द्या, असा अर्ज तिनं तिसऱ्यांदा केला होता. त्याचं उत्तर द्यायला भाऊ फैजपूरहून सातपुड्याच्या पायथ्याशी आले होते. नववी नापास बाईला शिक्षिकेचा पगार कोण देतं?

ते हे ऐकवणार तोच कोपऱ्यातली एक पोर रडू लागली. तिचं ऐकून दुसरं, मग तिसरं. आया केळीच्या बागांत कामाला गेलेल्या. भाऊंनी घाईघाईनं एक फडका पोरीच्या हातात कोंबला. तिनं तो हुंगला, फेकला आणि टाहो फोडला. पंचवीस वर्षं संस्था चालवलेला माणूस पाच मिनिटांत घामाघूम झाला.

रुपली पाणी भरून आत आली. प्रत्येक फडका म्हणजे एकेका आईच्या जुन्या साडीचा तुकडा. कुठला कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. ज्याच्या आईचा वास ज्या फडक्याला, तो त्याच्या हातात देत ती एकेकापाशी बसली, त्यांच्या पावरी बोलीत हळू काहीतरी बोलली. थोड्या वेळानं तीच पोरं तिच्याबरोबर बोटांवर आकडे मोजत होती.

"हे कुठल्या कोर्सला शिकवतात?" भाऊंनी विचारलं.

"कुठल्याच नाही," दीपमाला म्हणाली. "म्हणून तर अर्ज केला."

भाऊ मनानं वाईट नव्हते. त्यांनी अर्जावर तिथंच मंजुरी लिहिली आणि नवा पगार मान्य असल्याच्या सहीसाठी पेन रुपलीपुढे धरलं. दीपमालाचे डोळे भरून आले. दोन वर्षं ती याच कागदामागे लागली होती.

रुपलीनं ओले हात पदराला पुसले. पेन मात्र घेतलं नाही.

"मी एकलीच नही, भाऊ. तुमन्या बाकीन्या चार बालवाड्यास्मा चार जणी मदतनीस शेतस. त्या बी हाईच काम करतस."

"अगं, आधी तुझं तर होऊ दे."

"मंग त्यास्नं कोन करी?"

दीपमालानं आपला अर्ज पुन्हा वाचला. तीनदा लिहिला होता, तिन्ही वेळा एकच नाव. त्या चौघींपैकी एकीचंही नाव तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

तिनं भाऊंच्या हातातलं पेन घेतलं.

"सांग रुपली, नावं सांग."