करंगळीएवढी धार

मित्रांनो, मी एक बिनपोटाचा गिझर आहे. म्हणजे मला टाकीच नाही. माझे टाकीवाले भाऊबंद ढेरी भरून पाणी तापवतात आणि दिवसभर त्याच्या उबेत डुलक्या काढतात. माझ्या नशिबी ते सुख नाही. कुणी नळ सोडला की पाणी माझ्यात शिरतं, भक्कन ज्योत पेटते आणि पाणी जाता जाता तापतं. नळ बंद झाला की मी विझतो आणि स्वप्नं बघत बसतो. काल माझ्यातून गेलेलं पाणी आता कुठल्या ढगात चढलं असेल? त्याला तिथून मी दिसत असेन का? रिकाम्या पोटी दुसरं सुचणार तरी काय!

मी कारखान्यात जन्मलो. एका बाईंनी माझ्या छातीतली तांब्याची नळी वळवली, दुसरीनं पांढऱ्या पत्र्याचा अंगरखा चढवला. तपासनिसानं एकदा पेटवून बघितलं, "चालतोय" म्हणाला आणि खोक्यात घातलं. त्या एका ज्योतीच्या आठवणीवर मी दुकानात किती दिवस काढले, काय सांगू!

मग आबा आले. सोबत मुलगा आणि सूनबाई. मुलाचा जीव माझ्या शेजारच्या गलेलठ्ठ टाकीवाल्यावर जडलेला. आबांनी मात्र मला टिचकी मारून बघितलं, कलिंगडाला मारतात तशी.

"पोकळ वाजतोय रे."

"आबा, त्याला टाकी नसते. लागेल तेवढंच पाणी तापवतो."

"म्हणजे उगाच तापवून साठवून ठेवायचं नाही? मग हाच घ्यायचा!"

"अहो, पण आबा..."

"पण नाही नि बिण नाही. गार पाणी आलं तर माझं नाव बदल."

पाण्याच्या बाबतीत घरात आबांचाच शब्द चालायचा. गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडण्यात आणि आवळण्यात त्यांची सगळी नोकरी सरलेली. थेंब वाया गेला की त्यांच्या काळजात कळ यायची. पाहुणे हात धुवायला उठले की आबाही मागोमाग उठायचे, नळ आवळायला.

मला मागच्या गॅलरीत, मोकळ्या हवेत टांगलं. एका अंगाला बाथरूमची खिडकी, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघराची. दोन्हीकडं गरम पाणी मीच पुरवायचं. मिस्त्री निघताना म्हणाला, "आजोबा, नळ पुरता सोडायचा बरं का. बारीक धारेला हा पेटत नाही."

"नळ सोडण्यात हयात गेली माझी," आबा म्हणाले. "तू मला शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी आबा आंघोळीला गेले आणि त्यांनी नळ सोडला. करंगळीएवढी धार! माझ्या नळीतून पाण्याचा धागा सुळकन सरकला. गुदगुल्या झाल्या, पण ज्योत काही पेटेना. मी जीव एकवटला, कण्हलो, कुंथलो. छे! बर्फासारखं पाणी आबांच्या पाठीवर पडत राहिलं.

"कसंय पाणी, आबा?" बाहेरून मुलानं विचारलं.

"क्-क्-कडक!" आबांचे दात वाजत होते.

बोलून चालून मी त्यांच्या पसंतीचा. गार पाणी येतं म्हणावं तर नाक कापलं जाणार. नळ मोठा सोडावा तर जीव तुटणार. त्यामुळं आबा रोज कुडकुडायचे आणि रोज "वा वा" करायचे. थंडी पडली तसा त्यांना खोकला लागला. रात्रभर खोक खोक.

"आबा, खरं सांगा," मुलगा एकदा म्हणाला. "गार येत असेल तर हा डबा काढतो आणि टाकीवाला आणतो."

"गार? अरे, काल जीभ भाजली माझी!"

"आंघोळ करताना जीभ कशी भाजते?"

"गुळण्या केल्या!"

मित्रांनो, माझी नोकरी अशी आबांच्या थापांवर टिकून होती. पण त्यांचा खोकला ऐकला की माझी तांब्याची नळी आतून पिळवटायची. पेटायची इच्छा असून पेटता येऊ नये, यासारखं दुःख नाही.

एका सकाळी आबा आंघोळीला बसलेले असताना सूनबाईनं तेलकट कढई धुवायला स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडला. तिची धार आणि आबांची धार माझ्यात एक झाली, आणि भक्क!

"मेलो! भाजलो!" बाथरूममधून आरोळी आली.

मुलगा धावला. "काय झालं?"

"गरम पाणी आलं!"

"मग रोज काय येतं?"

आत तांब्या खणकला. मग आवाज आला, "रोजही गरमच. आज जरा उत्साहात होतं."

सूनबाईनं आपला नळ बंद केला. मी विझलो. तिनं पुन्हा सोडला, मी पेटलो. ती खिडकीतून माझ्याकडं बघत राहिली, गालात हसली आणि कुणाला काही बोलली नाही.

तेव्हापासून आबा आंघोळीला गेले की ती भांडी घासायला उभी राहायची. घासलेली भांडीसुद्धा. एक पातेलं तर इतकं झिजलं की त्यात तिला आपलंच हसू दिसायला लागलं. कधी आबा आतून ओरडायचे, "सूनबाई, पाणी वाहतंय बघ!"

"बंद करते हं, आबा!"

की लगेच आबा, "नाही म्हणजे... राहिली असतील तर घासून घे हो!"

वाफ गॅलरीत तरंगत यायची, आत आबा काहीतरी गुणगुणायचे, आणि मला वाटायचं, मीच एक छोटासा ढग झालोय.

मग एक दिवस भरलेली बादली उचलताना सूनबाईच्या कमरेत उसण भरली. बिचारी आडवी झाली. नवरा कामावर गेलेला. स्वयंपाकघर चिडीचूप.

"आबा," ती कण्हत म्हणाली, "शेकायच्या पिशवीत नळाचं पाणी भरून आणाल? तुम्हाला येतं ना, तसलं कडक."

आबा पिशवी घेऊन बाथरूममध्ये आले. सवयीनं बारीक धार सोडली, बोट घातलं. गार. थोडं थांबले, पुन्हा बोट घातलं. गारढोण. स्वतःच्या पाठीला थाप मारता येते हो, दुसऱ्याच्या कमरेला कशी मारणार?

त्यांनी एकवार स्वयंपाकघराच्या दिशेनं बघितलं. मग डोळे मिटले आणि नळ फिरवला. अजून फिरवला. सगळ्या गावाला पाणी सोडावं तसा पुरता सोडला.

मित्रांनो, तसा मी जन्मात पेटलो नव्हतो! वाफेत आबा दिसेनासे झाले. पिशवी भरली तरी ते क्षणभर दोन्ही हात धारेखाली धरून उभे राहिले.

त्यांनी पिशवी नेऊन सुनेच्या कमरेशी ठेवली.

"कसंय गं?"

"कडक आहे, आबा."

"हं," आबा म्हणाले. मग हळूच, "उद्यापासून भांडी माझ्या आंघोळीनंतर घास."

आता मीही जुना झालोय. नळीत क्षार साचलाय, पेटताना खोकल्याची उबळ येते. अधूनमधून तेवढी नळी साफ करून घ्या, एवढीच माझी सेवा. आणि मित्रांनो, पाणी जरूर वाचवा, पण आमच्यासारख्याकडं मागायचं असेल तेव्हा घाबरत घाबरत मागू नका. आम्ही विझलेले दिसतो, पण पेटायलाच बसलेलो असतो.