भाऊजींनी कूलंट काढलं

धाकट्या दिराबद्दल तिचं मत लग्नानंतर लगेचच पक्कं झालं होतं, आणि ते बदलावं असं त्याने आजवर काही केलं नव्हतं. त्याने गीझर 'सुधारला' तेव्हापासून घरात अंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं. तरी नवऱ्याच्या लेखी धाकटा म्हणजे साक्षात अकलेचं भांडार.

त्या रविवारी स्वारी गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदलायला अवतरली. गॅरेजवाल्यांना काही कळत नाही, म्हणे. मोबाइलवर एकदा बघितलं की झालं. नव्या कूलंटचा डबा त्याने स्वयंपाकाच्या ओट्यावर आदळला आणि न विचारता तिचा धुण्याचा टब गाडीखाली सरकवला. नवऱ्याच्या हाती टॉर्च दिला.

रेडिएटरच्या तळाशी प्लास्टिकचा बूच होता. तो हाताने फिरेना. जरा सबुरीने घे, असं नवरा पुटपुटला, तोवर भाऊजींनी पक्कड लावलीसुद्धा. बूच तुटून हातात आला आणि हिरवंगार पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. उरलेलं टबात पडलं. खिडकीतून बघताना तिला मनापासून बरं वाटलं.

भाऊजींनी गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. नाचता येईना, अंगण वाकडं. मग चहा मागून कप हातात घेऊन दारात उभे राहिले. टब तसाच उघडा.

तिला सासूबाईंची म्हातारी कुत्री टबाकडे निघालेली दिसली. कूलंट गोडसर लागतं आणि जनावर त्याने मरतं, हे ओट्यावरच्या त्या डब्यावर ठळक छापलं होतं. हातातलं पातेलं टाकून ती धावली आणि गळपट्टा धरून कुत्रीला मागे ओढलं. नशिबाने तिचं तोंड अजून कोरडं होतं.

"उगाच घाबरता, वहिनी. जरासं चाटून कुणी मरत नाही," भाऊजी म्हणाले.

तिने त्यांच्या हातातला कप घेतला, चहा फेकला, कप टबात बुडवून त्यांच्यापुढे धरला.

"मग आधी तुम्ही घ्या एक घोट."

भाऊजी हसले आणि भावाकडे बघू लागले. तो नेहमी त्यांच्या हसण्यात हसायचा. या वेळी त्याने तिच्याकडून कप घेतला, टबातलं सगळं एका रिकाम्या कॅनमध्ये ओतलं, झाकण घट्ट लावलं. मग धाकट्यापुढे हात पसरला.

"गाडीची किल्ली दे."

"अरे दादा, अजून नवं भरायचंय."

"तळाला भोक पाडलंयस. भरणार कशात?"

दुसऱ्या दिवशी गाडी दोराने ओढत गॅरेजात गेली. वहिनीने मला विष पाजायला घेतलं, असं भाऊजींनी आईच्या कानावर घातलं होतंच. सासूबाईंनी कुत्रीला कुरवाळत सुनेला विचारलं, खरं का हे?

"खरं आहे," ती म्हणाली. "पण प्यायले कुठे?"