माळ उतरली, डोळे पिवळेच

मांडवगणात कुणाचे डोळे पिवळे झाले की पाय शेवंताबाईच्या ओट्याकडं वळायचे. ती मुळ्यांचे तुकडे ओवून माळ डोक्यावर घालायची. माळ गळ्यात उतरली की कावीळ उतरली. तीस वर्षांचा हा मान. सून ज्ञानेश्वरी दौंडच्या दवाखान्यात नर्स झाल्यापासून लोक आधी तिला फोन लावू लागले, आन् शेवंताबाईचा जळफळाट झाला.

त्यात नवराच पिवळा पडला. दगडोबाला तिनं स्वतः माळ घातली. नवव्या दिवशी ती गळ्यात आली, डोळे मात्र हळदीसारखेच. अंगाला खाज, कपडे ढगळ झालेले, साखरही नुकतीच निघालेली. पोट दुखत नव्हतं, म्हणून तिला घोर नव्हता.

रविवारी ज्ञानेश्वरी आली. सासऱ्याला बाजूला नेऊन तिनं शौचाचा रंग विचारला. पांढुरक्या मातीसारखा, दगडोबा खाली बघत म्हणाला. बायकोला सांगितलं न्हाई ते सुनेला सांगितलं, हे दाराआडून ऐकलेल्या शेवंताबाईला फार लागलं.

“आत्याबाई, आत पित्ताची वाट कशानं तरी दाबलीय. उद्याच स्कॅन करू.”

“माझी माळ उतरलीय, दिसत न्हाई का?”

“वाळून सैल झाली म्हणून उतरली. मामांचे डोळे बघा.”

पुण्यात कळलं, जठरामागच्या स्वादुपिंडाला कॅन्सरची गाठ. डॉक्टर सुनेशीच बोलत होते. हा रोग बहुधा उशिरा सापडतो, इथं अजून पसरला न्हाई. आधी नळी टाकून पित्त मोकळं करायचं, मग केमो, जमलं तर ऑपरेशन. खात्री कुणी दिली न्हाई. रक्तावरून हा रोग आधीच ओळखता येईल का, याच्या संशोधनासाठी त्यांनी थोडं रक्त मागितलं. दगडोबानं सुनेकडं बघून मान हलवली. जन्मभर तो शेवंताबाईकडं बघून हलवायचा.

इतके दिवस का थांबलात, डॉक्टरांनी विचारलं. ज्ञानेश्वरीनं माळेचं नाव काढलं न्हाई. ते झाकणं शेवंताबाईला टोमण्याहून जास्त खुपलं.

पहिल्या केमोनंतर दगडोबा घरी आला. त्याच आठवड्यात राहू गावची रतनबाई पिवळे डोळे घेऊन ओट्यावर बसली. शेवंताबाईनं मुळ्या पुढं ओढल्या, दोरा घेतला, आन् थांबली. खाज सुटती का, शौचाचा रंग कसा, तिनं विचारलं. रतनबाई लाजत पांढुरका म्हणाली. शेवंताबाईनं दोरा गुंडाळून ठेवला.

“ऊठ. आजच दौंडला माझ्या सुनंकडं जा.”

रतनबाई पायऱ्या उतरली तशी तिनं पुन्हा हाक मारली.

“आन् तिला सांग, सासूनं ओळखलं म्हणून.”